बिनपाण्यानं हजामत

“दाढीचा साबण आहे का?” एवढ्या साध्या प्रश्नानं कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जी धांदल उडाली, ती कोणी सापाच्या विषावरचं औषध मागितलं असतं तरी उडाली नसती. काउंटरवरच्या पोरानं आधी फोमचा डबा पुढे केला. मी मान हलवली. मग जेल आलं, मग क्रीमची ट्यूब, मग आफ्टरशेव्ह, शेवटी कोळसा घातलेला फेसवॉश. “साबण रे, साबण!” त्यावर त्यानं अंगाच्या साबणाच्या चार वड्या ओळीनं मांडल्या आणि “काका, दाढीला कुठलापण चालतो” अशी माझी समजूत घातली. त्याच्या वरच्या ओठावर नुकती कुठे काळी रेघ उमटायला लागली होती. दाढीबद्दल बोलण्याचा त्याचा अधिकार तेवढ्या रेघेपुरता. गल्ल्यावरच्या मालकांनी पेपरातून डोकं बाहेर न काढता सांगितलं, “वरच्या फळीवर बघ, मागे. आजोबा लोक नेतात तो.”

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. हे मी सांगितलंही. मालकांनी तेव्हा डोकं बाहेर काढलं, माझ्या टकलाकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातलं.

पोरगा स्टुलावर चढला. मोठ्यांचे डायपर, शेकायची रबरी पिशवी आणि काखेतल्या कुबड्या यांच्या मागून त्यानं एक गोल डबी काढली, शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली. गोदरेजची दाढीच्या साबणाची गोल वडी. किंमत इतकी कमी, की त्यानं कार्ड घ्यायला नकार दिला.

आता या वयात ही वेळ माझ्यावर का आली, ते सांगतो. वीस वर्षं मी फोमच्या डब्यावर काढली. बटण दाबलं की तळहातावर फेसाचा गोळा. विचार करायचा नाही, हात चालवायचा नाही. एका सोमवारी डावा गाल उरकून मी उजव्यासाठी बटण दाबलं, तर डब्यानं नुसतं “फुस्स” केलं. दहा वाजता मीटिंग. समोर अंगाचा साबण होता. घासला, फेस आला, तोच चोपडला आणि रेझर ओढला. फेस निम्म्या वाटेतच आटला होता. उजव्या गालाचं जे झालं ते भरल्या वांग्यासाठी चिरा पाडतात तसं. फक्त मसाला भरायचा राहिला. ऑफिसात तिघांनी विचारलं, “मांजर पाळलं का?”

रविवारी मेहुणा जेवायला आला. तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्याला वेळ जरी विचारली तरी तो अणूपासून सुरुवात करतो. पण त्या दिवशी मला खरंच गरज होती.

“दाजी, अंगाचा साबण कशासाठी असतो? मळ घेऊन निघून जाण्यासाठी. दाढीचा साबण कशासाठी? थांबण्यासाठी. दोघांचा स्वभावच वेगळा.” मग त्यानं चटणीच्या वाटीत बोट बुडवून ताटावर सूत्रं काढली. सारांश असा: अंगाचा साबण बहुतेक कॉस्टिक सोड्याचा, म्हणून वडी कडक. दाढीच्या साबणात कॉस्टिक पोटॅशचाही वाटा असतो. पोटॅशचा साबण मऊ, पाण्यात चटकन विरघळणारा. शिवाय त्यात स्टिअरिक अॅसिड भरपूर. त्यानं बुडबुडे बारीक होतात, दाट होतात आणि टिकतात. केसाला धरून ठेवलेलं पाणी आणि पात्याखालचं वंगण, ही दोन कामं त्या फेसाची. “आणि हे स्टिअरिक अॅसिड मेणबत्तीतही असतं,” तो म्हणाला. तेवढंच ऐकून बायको म्हणाली, “म्हणजे लाइट गेले तरी दाढी दिसेल.”

खरं तर गोष्ट त्या गोल डबीपाशी संपायला हवी होती. पण मी मराठी मध्यमवर्गीय. स्वस्त वस्तू घेऊन लगेच वापरणं आपल्याला जमत नाही. आधी महाग वस्तूंचा अभ्यास लागतो. पंधरा दिवस मी रात्री जागून साबणांचा अभ्यास केला, मुलगा दहावीला तेवढा जागला नव्हता. साबणाचे प्रकार कळले. घट्ट वडी असते. कांडी असते, ती भिजल्या दाढीवर थेट घासायची आणि वर ब्रश फिरवायचा; तुर्कस्तानातली अर्को ही त्यातली गरिबांची कैवारी. डबीत भरलेला मऊ साबण असतो, खव्याच्या गोळ्यासारखा. फ्लॉरेन्सचं प्रोरासो त्यातलं. जर्मनांचं टाबाक 1959 सालापासूनचं. इंग्लंडमधल्या एका साबणाच्या नावातच लोकरीची चरबी आहे, कारण त्यात मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन घालतात. आणि लंडनचं ट्रुफिट अँड हिल हे न्हाव्याचं दुकान तर 1805 सालचं. म्हणजे इकडे यशवंतराव होळकर इंग्रजांच्या नाकी नऊ आणत होते, त्याच वर्षी तिकडे एक इंग्रज निवांतपणे दुसऱ्या इंग्रजाच्या गालाला फेस लावत होता. इतिहासात कोण जिंकलं आणि का, यावर मी त्या रात्री बराच विचार केला.

मी एका परदेशी वडीवर बोट ठेवणार इतक्यात घटकांची यादी वाचली. त्यात टॅलो नावाचा पदार्थ होता. टॅलो म्हणजे गुरामेंढरांची चरबी. तिचा फेस भारी येतो, असं जाणकार सांगतात. त्याच पानावर सोबत घ्यायला सुचवलेला ब्रश डुकराच्या राठ केसांचा होता. साबणात गाय, ब्रशात डुक्कर. याच दोन प्राण्यांवरून 1857 साली काय घडलं, हे मला चौथीपासून पाठ आहे. आणि आमच्या घरात आई आहे. तिनं चष्मा वर करून विचारलं, “काय मागवतोयस?” मी म्हटलं, “काही नाही, साबण.” आणि पान बंद केलं. आपल्याकडे गोदरेजांनी 1920 च्या आसपासच चरबी सोडून वनस्पती तेलाचा साबण काढला होता आणि त्याच्या जाहिरातीला खुद्द रवींद्रनाथ टागोर होते, याचं महत्त्व मला त्या क्षणी कळलं. ब्रशही मी कृत्रिम केसांचा घेतला. त्यानं कोणाचीच धार्मिक भावना दुखावत नाही आणि तो लवकर वाळतो.

तोही घाबरूनच घेतला. मेहुण्यानं फोनवर सांगितलं होतं, की पहिल्या महायुद्धात घोड्याच्या केसांचे दाढीचे ब्रश नीट निर्जंतुक न करता विकले गेले आणि त्यातून सैनिकांना अँथ्रॅक्स झाला. समोर तोफा, मागे खंदक, आणि माणूस गेला दाढी करताना. मी म्हटलं, “हे जेवताना सांगितलं नाहीस, उपकार झाले.”

तर साहित्य जमलं. आता कृती. आमच्या वडिलांची दाढी मी लहानपणी शेकडो वेळा पाहिली होती, त्यामुळे आपल्याला येतंच, असा माझा समज. रविवारी सकाळी ते खिडकीच्या गजाला आरसा अडकवायचे. आरशाचा एक कोपरा उडालेला होता. हनुवटी बघायला गुडघ्यात वाकावं लागे. अॅल्युमिनियमच्या वाटीत बंबातलं कढत पाणी. टोपाझचं पातं कागदातून काढायचे. ते चौथ्या-पाचव्या दाढीला बोथट झालं, की काचेच्या पेल्यात आतल्या बाजूनं बोटानं दाबून घासायचे, उलटसुलट, किर्र किर्र आवाज करत. ते पातं आणखी दोन आठवडे चाले. मग त्याला दाढीतून निवृत्ती मिळे आणि आई ते शिवण उसवायला घेई. रेझरवरचा फेस ते ‘सकाळ’च्या चौकोनी तुकड्यावर पुसायचे. पाऊण तास लागे. त्या पाऊण तासात त्यांना कोणी काही विचारायचं नाही आणि विचारलं तरी उत्तर “हं” एवढंच. तोंडाभोवती फेस असलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, हे त्या वयातही मला समजलं होतं.

पहिल्या दिवशी मी वाटी घेतली, ब्रश बुडवला, तसाच निथळता वडीवर चार वेळा फिरवला आणि गालावर नेला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून बनियनमध्ये. गालावर जे राहिलं ते ताक. दुसऱ्या दिवशी ब्रश झटकून झटकून कोरडा केला. त्या दिवशी गालावर पापड वाळला. रेझर लावल्यावर तो तडकण्याचा आवाज आला. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं घोटलं. मोठे मोठे बुडबुडे आले, मुलं साबणाच्या पाण्यात नळी घालून फुंकतात तसे, आणि मी कौतुकानं आरशात पाहीपर्यंत एकेक करून फुटले. बेसिनच्या कडेला मात्र पांढरट, चिकट साय धरली होती. मी महागडी वडी न घेण्याच्या निर्णयाला दोष दिला, मग ब्रशला, मग आमच्या घराण्याच्या त्वचेला.

कुठेतरी ऐकलं होतं, की पाणी जड असलं की असं होतं. तुरटीनं पाणी शुद्ध होतं हे तर घरोघरी माहीत. मी वाटीत तुरटी फिरवली. ब्रश बुडवला. काही नाही. आणखी फिरवली. आता वाटीत तुरटीच्या पाण्यावर साबणाचे कण तरंगायला लागले आणि मी त्यांच्याकडे हताश होऊन पाहत राहिलो.

आई मागून पदराला हात पुसत येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

“तुरटीनं गढूळ पाणी निवळतं. क्षार नाही जात,” ती म्हणाली. “आज बोअरचं सोडलंय सोसायटीनं. त्यात डाळ शिजत नाही, तुझा फेस कुठला यायला?”

मी ब्रश खाली ठेवला. आमच्या सोसायटीत सकाळी तासभर महापालिकेचं पाणी येतं आणि बाकी दिवस बोअर नाहीतर टँकर. काळ्या पाषाणाच्या फटींतून झिरपत आलेलं पाणी. येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच येतं. आई गेली दहा वर्षं डाळीसाठी सकाळचं पाणी वेगळं भरून ठेवते. मी गेली दहा वर्षं ती कळशी रोज ओलांडून बाथरूमला जातो.

मेहुण्याला विचारलं तर त्यानं दोन्ही गोष्टींवर शिक्कामोर्तब केलं. हे क्षार साबणातल्या स्टिअरिक अॅसिडला धरतात आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. बेसिनवरची साय ती हीच. डाळीच्या दाण्यात पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन असतं, त्यालाही तेच क्षार घट्ट करतात, म्हणून डाळ बोटचेपी होत नाही. पुढच्या रविवारी तो पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र घेऊन आला. आईनं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. “माझ्याकडे आहे मीटर,” ती म्हणाली. “तूरडाळ. तीन शिट्ट्यांत झाली तर पाणी गोडं.”

मग मला वडिलांच्या बंबाचा उलगडा झाला. पाणी उकळलं की काही प्रकारचे क्षार तळाशी बसतात. बंबाच्या आत जो पांढरा खरपुडा धरायचा, तो त्याचाच. त्यांना हे माहीत होतं का, कोण जाणे. पाणी देणारी आई होती.

आपल्या भाषेत ‘बिनपाण्यानं हजामत करणं’ म्हणजे एखाद्याची निर्दयपणे खरडपट्टी काढणं. मी हा वाक्प्रचार साहेबांच्या संदर्भात वीस वर्षं वापरत आलो. स्वतःच्या गालाच्या संदर्भात कधी सुचला नाही. म्हणीत साबण नाही, पाणी आहे, हे बघा. संत सेना महाराज तर व्यवसायानंच न्हावी. त्यांनी अभंगात हजामतीचं रूपक केलं त्यात आरसा आहे, चिमटा आहे, डोक्यावर घोळायला शांतीचं पाणी आहे. साबण नाही. मी मात्र साबणाच्या मागे फ्लॉरेन्सपर्यंत जाऊन आलो होतो आणि पाण्याच्या कळशीला रोज पाय लावून नमस्कार करत होतो.

दुसऱ्या दिवशी कळशीतलं वाटीभर पाणी गरम करून घेतलं. आई दारात खुर्ची टाकून बसली. ती आयुष्यात दाढी करणं शक्य नाही. पण फेस बघून तिनं एका दमात चूक सांगितली. “तू पीठ थोडं घेतोस आणि पाणी फार. कणीक भिजवताना पाणी एकदम ओततात का?”

तेव्हापासूनची कृती तिची आहे, मी फक्त गाल पुरवतो. वडीवर आधी चमचाभर कोमट पाणी घालून ती पाच मिनिटं भिजू द्यायची. तेवढ्यात आंघोळ उरकायची, म्हणजे खुंटही पाणी पिऊन मऊ होतात. वडीवरचं पाणी ओतून टाकायचं. ब्रश भिजवून पिळायचा, झटकायचा. मग वडीवर चांगला अर्धा मिनिट गोल फिरवायचा. नवशिका इथे हमखास कंजुषी करतो. आपल्याला लहानपणी “साबण संपवू नकोस” ऐकायची सवय. ब्रशच्या टोकांना डिंकासारखा दाट लगदा धरला, की मग वाटीत किंवा थेट गालावर घोटायला घ्यायचं आणि पाणी घालायचं ते बोटं बुडवून, दोन-चार थेंब. पुन्हा घोटायचं. पुन्हा थेंब. आधी तो लगदा कोरडा, मळकट दिसतो. आपलं चुकलं असं वाटतं. पाच-सहा वेळा थेंब घातल्यावर अचानक त्याला चकाकी येते. बुडबुडा म्हणून दिसत नाही. ब्रश उचलला तर टोक उभं राहून किंचित वाकतं. “झाला चक्का,” आई म्हणाली. “आता साखर घातली की श्रीखंड.” त्या दिवशी पाडवा नव्हता, पण गालावर गुढी उभारल्यासारखं वाटलं.

फेस जमला तरी हात जमायचा होता. त्यासाठी आमच्या सलूनवाल्या दादांकडे गेलो. मी दाढी घरी करणार आहे, हे त्यांना सांगताना शिंप्याला ‘मी रेडिमेड घेतो’ म्हणून सांगण्याइतका संकोच झाला. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. माझी मान उजवीकडे वळवली आणि बोटं फिरवली. “साहेब, हे बघा. गालावर केस खाली निघालेत. मानेवर आडवे. आणि इथं डाव्या बाजूला भोवरा आहे तुम्हाला. तुम्ही सगळीकडं खालून वर ओढत असणार.” मी गेली वीस वर्षं तेच करत होतो, माझ्या मानेवर भोवरा आहे हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. आधी केसांच्या दिशेनं सुलटा हात. पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात मारायचा तो चेहऱ्यानं परवानगी दिली तरच. रेझर गालाशी साधारण तीस अंशांत कलता, आणि दाब शून्य. “जोर लावायचा असेल तर कुकरच्या झाकणाला लावा,” दादा म्हणाले. सगळ्यांचीच विद्या स्वयंपाकघरात जाऊन थांबते, हे मला पटत चाललं होतं.

शेवटी तुरटी. तिला तिच्या योग्य जागी, म्हणजे गालावर फिरवायची. जिथे जोर लावला असेल, तिथे ती नेमकी झोंबते. जगातलं हे एकच वार्षिक मूल्यमापन, ज्यात लबाडी चालत नाही आणि ते रोज होतं. पहिल्या आठवड्यात मी बेसिनसमोर सा-रे-ग-म करत होतो. आता मानेच्या भोवऱ्यापाशी एक ‘स्स’ निघतो, तेवढाच.

या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. फोमला पाच लागायची. बायको विचारते, की वाचलेली पंधरा मिनिटं मी वीस वर्षं कुठे घातली? हिशेब करायला बसलो तर काही आठवेना. आता त्या वीस मिनिटांत फोन वाजला तर उचलता येत नाही, दार वाजलं तर उघडता येत नाही, आणि “अहो, ऐकलंत का” याला “हं” पुरतो. गिलेट कंपनीनं 1903 साली, पहिल्या वर्षात, अवघे 51 रेझर आणि 168 पाती विकली होती, असं मी मुलाला ऐकवलं. नव्या गोष्टीला वेळ लागतो, हा माझा मुद्दा. “बाबा, ही नवी गोष्ट आहे का?” त्यानं दाढी कुरवाळत विचारलं. त्यानं दाढी वाढवली आहे. त्याच्या पिढीनं प्रश्न मुळापासून, म्हणजे मुळाला हात न लावता सोडवला आहे.

वडी पाच महिने पुरली. परवा पुन्हा मेडिकलमध्ये गेलो. मालक पेपरात होते. पोरानं मला ओळखलं, न सांगता स्टूल ओढलं, कुबड्यांच्या मागे हात घातला आणि डबी काढली. या वेळी शर्टाला पुसताना त्यानं ती जरा जास्तच वेळ पुसली. ओठावरची रेघ आता गालावर उतरली होती आणि हनुवटीखाली लालबुंद पुटकुळ्या उठल्या होत्या. अंगाच्या साबणाच्या त्या पुटकुळ्या मी लांबून ओळखतो.

“काका,” मालकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, “हे लावतात कसं?”

मी काउंटरवर कोपर टेकलं.

“आधी मला सांग,” मी म्हटलं, “तुमच्याकडे डाळ किती शिट्ट्यांत शिजते?”